सुपातल्या गोळ्या

राई गावात दमा कुणालाच नव्हता. कुणाच्या छातीत कफ धरायचा, कुणाला खाडीची हवा बाधायची, कुणाला टॉवरच्या सिमेंटची धूळ सोसायची नाही. पण दमा? छे! दमा म्हटला की पोरीचं लग्न अडतं, सून आणली असेल तर तिच्या माहेरचे भांडायला येतात. म्हणून साऱ्या गावाने मिळून ठरवून टाकलं होतं की हा रोग आपल्या हद्दीत राहतच नाही. पंप मात्र घरोघर होते. कुठे साड्यांच्या घडीखाली, कुठे देव्हाऱ्यामागे, कुठे तांदळाच्या डब्यात. या गावात माणसं दारू उघड्यावर प्यायची आणि औषध चोरून ओढायची.

गिरिजाला याचं हसू यायचं. तिला बहुतेक गोष्टींचं हसू यायचं आणि ते ऐकणाऱ्याला फारसं सुखाचं नसायचं. जमिनी विकून मार्बल घातलेली आणि त्या मार्बलवर पाय घसरून पडलेली माणसं, गाडी घेतली पण उभी करायला जागा नाही म्हणून रस्त्यावर भांडणारी माणसं, दम्यावर कुणी सांगेल ते गिळणारी माणसं. शेजारच्या बबनने मध्यंतरी कबुतराचं रक्त पिऊन पाहिलं होतं. “कबुतर मेलं, बबन तसाच हाय,” एवढंच गिरिजा म्हणाली होती.

तिचा स्वतःचा पंप उशीच्या खोळीत होता, हे मात्र ती हसताना विसरायची.

तिला तर पंप लपवण्याचं आणखी मोठं कारण होतं. गिरिजा धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात भटजी मंगलाष्टकं म्हणून जातो, पण मांडव घातल्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक विधीला धवले लागतात आणि ते धवलारणीने गायचे असतात. वाजंत्री नाही, पेटी नाही, नुसता गळा. लांब सूर धरायचा, ओळ संपेपर्यंत सोडायचा नाही, मग मागच्या बायका तो उचलतात. मुर्धे, राई, मोर्वे, तिन्ही गावांत गिरिजाचा सूर मांडवाच्या बाहेर रस्त्यापर्यंत जायचा. गेल्या वर्षी एका लग्नात तो ओळीच्या मधेच तुटला. छातीत मांजर बसल्यासारखी शीळ वाजू लागली. ती श्वास शोधत होती तेवढ्यात पाहुण्यांना वाटलं गाणं संपलं, आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या तिच्या डोक्यात जळत्या कोळशासारख्या बसल्या.

आता माघात चांदणीचं लग्न होतं. चांदणी म्हणजे धाकट्या जावेची, उर्मिलाची मुलगी. पण लहानपणी ती झोपली गिरिजाच्याच मांडीवर, धवले ऐकत. तिच्या हळदीला आपण गायचं, दुसऱ्या कुणी नाही, एवढी एकच गोष्ट गिरिजाने देवाकडे मागितली होती. देवावर तिचा तसा विश्वास कमीच होता, पण मागायला काय जातं!

आणि देवाने पाठवला कोण, तर बंटी. मांडव, लायटिंग, डीजे, सगळं एकाच माणसाकडे दिलेलं. केसांना सोनेरी रंग लावलेला हा पोरगा ओट्यावर येऊन म्हणाला, “आजी, टेन्शन मत लो. तुमची तब्येत ठीक नसते ना? पेनड्राइव्हमध्ये धवले आहेत माझ्याकडे. एकदम क्लिअर साउंड. लोकांना कळणार पण नाही.”

“कळनार न्हाय कसं? त्या डबड्याला घाम येतो का?”

“कशाला येईल?”

“मग कळंल,” गिरिजा म्हणाली. बंटी हसला. तो गेल्यावर ती बराच वेळ धापा टाकत बसली आणि त्याच आठवड्यात मीरा रोडच्या इस्पितळात गेली. उर्मिलाही बरोबर गेली. उर्मिलालाही छातीचा तोच त्रास होता, आणि जाऊबाई जिथे जाईल तिथे आपण न गेल्यास आपल्या वाट्याचं काहीतरी बुडेल अशी तिची लग्न झाल्यापासूनची समजूत होती.

तिथे डॉक्टर स्वप्नाली होती. वयाने चांदणीपेक्षा थोडी मोठी, दादरहून इथे राहायला आलेल्या घरातली. दोघींना नळीत फुंकायला लावून तिने मान हलवली आणि सांगितलं की एका नव्या गोळीची चाचणी चालू आहे, हवं तर तुम्हाला त्यात घेता येईल.

“गोळी काय करते?” गिरिजाने विचारलं.

“मावशी, रक्तात पांढऱ्या पेशी असतात. शरीराचे शिपाई म्हणा. दम्यात त्या शिपायांना उगाच लढाई सुरू झालीय असं वाटतं. ते रक्ताबरोबर वाहत येतात, फुप्फुसापाशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटतात, मग फटीतून आत घुसतात आणि श्वासनळीला सूज आणतात. ही गोळी त्यांना चिकटूच देत नाही. चिकटले नाहीत तर आत कसे जातील? वाहत पुढे निघून जातात.”

“होडीच्या पोटाला शिंपल्या धरतात तसं?”

“म्हणजे?”

“आमचा सासरा होडीला खालून तेल-डांबर फासायचा. मग शिंपल्या धरत न्हाईत.”

“हो, बरोबर तसंच.”

“मग तसं सरळ सांग की. शिपाई कशाला आनलेस मधी?” गिरिजा म्हणाली. मग जरा थांबून, “पन म्हंजे सुजवनारे आपल्याच घरचे. बाहेरचा कोनी न्हाय.”

“आपल्याच घरचे,” डॉक्टरीण म्हणाली.

गिरिजाने उर्मिलाकडे पाहिलं. उर्मिलाने खिडकीबाहेर पाहिलं.

पुढचं सांगताना डॉक्टरीण फार सावध झाली. अर्ध्या लोकांना खरी गोळी मिळणार, अर्ध्यांना हुबेहूब तशीच दिसणारी, पण आत काही नसलेली. कुणाला कुठली, हे तुम्हालाही कळणार नाही आणि मलाही नाही. नाहीतर मनाचेच खेळ होतात. गोळी खरी असो वा खोटी, रोजचा पंप मात्र सकाळ-संध्याकाळ चालू ठेवायचा. तो सोडायचा नाही; दुसरा, निळा पंप फक्त धाप लागली तर. नर्सने दोघींना पंप ओढायची रीत पुन्हा शिकवली, कारण इतकी वर्षं दोघी तो अत्तरासारखा तोंडावर मारत होत्या.

“म्हंजे औषध देनारीलाच ठाव न्हाय काय देते ते,” रिक्षात बसल्यावर गिरिजा म्हणाली. “एवढं शिकून हे.” पण घरी आल्यावर तिने रोजचा पंप खोळीतून काढून खिडकीत ठेवला आणि सकाळ-संध्याकाळ नर्सने सांगितलं तसा ओढू लागली. चाचणीचा नेम होता, आणि चांदणीच्या हळदीसाठी ती कुठलाही नेम पाळायला तयार होती.

दिवाळी सरून थंडी पडली, आणि गिरिजाचा गळा सुटला. भांडी घासता घासता ती धवले म्हणू लागली, आधी हळू, मग मागच्या गल्लीत ऐकू जाईल इतकं. पाण्याची कळशी वर नेताना तिला मधे बसावं लागेना. “गोळी हाय बाबा,” ती जो भेटेल त्याला सांगायची. “शिंपल्या धरू देत न्हाय.” गावात पहिल्यांदाच कुणीतरी छातीच्या औषधाची उघड बढाई मारत होतं, आणि ती बढाई उर्मिलाच्या भिंतीपलीकडे जात होती.

उर्मिला मात्र होती तशीच होती. उलट जास्तच. जिना चढली की दारात उभी राहून आधी श्वास घ्यायची आणि मग चप्पल काढायची. एक दिवस ती गिरिजाच्या स्वयंपाकघरात आली आणि उंबऱ्यावरच बसली.

“तुला खरी आली, जाऊबाय. मना खडू.”

“मना काय ठाव?”

“ठाव कशाला पायजे? ऐकू येतं की. सकाळपासून कोकलतेस.”

“कोकलतेस म्हनू नको. तुझ्याच पोरीसाठी चाललंय.”

“आमच्या नशिबात पयल्यापासून खडूच. जमिनीच्या वक्ताला बी रस्त्याकडची तुमाला, खाजणाकडची चिखलाची आमाला.”

हे वाक्य गिरिजाने इतक्या वेळा ऐकलं होतं की तिला ते चालीवर म्हणता आलं असतं. पण या वेळी ते तिला लागलं. थोरल्या घराने धाकट्याचं खाल्लं, हा डाग तिला सोसवत नसे. सासूने दोघींना नांदवलं ते एकाच नियमावर. सणाला लुगडी आली तर एकाच रंगाची दोन. खाडीतून म्हावरं आलं तर त्याचे दोन वाटे करायचे, एकीने पाठ करून उभं राहायचं, दुसरीने वाट्यावर बोट ठेवून विचारायचं, “ह्यो कोनाचा?” पाठमोरीने जिचं नाव घेतलं, तो वाटा तिचा. मग कुणी कुणाला चोर म्हणायचं नाही.

“आन तुझी बाटली,” गिरिजा म्हणाली.

“कशाला?”

“आन म्हनते ना.”

उर्मिला बाटली घेऊन आली. गिरिजाने आधी आपली बाटली सुपात ओतली, मोठ्या थाटात, हाताची बांगडी वाजवत. मग उर्मिलाची. पण एकत्र नाही. या टोकाला आपल्या, त्या टोकाला उर्मिलाच्या. मग या ढिगातली एक, त्या ढिगातली एक, असं करत तिने मध्ये दोन नवे वाटे घातले. “म्हंजे दोघींच्या पोटात खऱ्या बी जातील, खडू बी जाईल,” ती म्हणाली. उर्मिला भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

“ह्यो कोनाचा?”

“तुझा,” उर्मिला म्हणाली, आणि वाटा पाहण्याआधीच तिचा चेहरा उजळला होता.

डॉक्टर, औषध कंपनी, सगळ्या देशातले शिकलेले लोक डोकं खाजवून अशी व्यवस्था करतात की कुणाला काय मिळालं ते कुणालाही कळू नये, आणि राईतल्या दोन जावा सूप घेऊन बसतात. आपण काही चूक करतोय असं दोघींच्या मनालाही शिवलं नाही. उलट न्याय झाल्याचं समाधान होतं. सासू वरून बघत असेल तर खूश झाली असेल, असं गिरिजा म्हणालीसुद्धा.

त्यानंतर तिने त्यागाचं जे नाटक मांडलं ते पाहण्यासारखं होतं. कळशी उचलली की ती मुद्दाम थांबे, छातीवर हात ठेवी आणि भिंतीपलीकडे ऐकू जाईल असा उसासा टाके. “माझा श्वास वाटून टाकला बाय मी,” ती बायकांना सांगे. “अर्ध्यावर गाईन, पन गाईन.” उर्मिला गप्प बसे. उपकार झालेल्या माणसाला दुसरं काय करता येतं? आणि उपकार होऊनही तिची शीळ वाजतच होती.

मग इस्पितळातून दोघींना बोलावणं आलं. वाटे होण्याआधी एकदा आणि नंतर एकदा रक्त घेतलं होतं, त्याबद्दल बोलायचं होतं.

डॉक्टर स्वप्नालीने आज चहा विचारला नाही.

“मला खरं सांगा. गोळ्यांची अदलाबदल केलीत?”

“अदलाबदल न्हाय,” गिरिजा ताठ बसून म्हणाली. “वाटे केले.”

“वाटे?”

“वाटे. म्हावऱ्याचे करतात तसे. कोनावर अन्याय न्हाय झाला. पाठ करून नाव घेतलं हिनं.”

डॉक्टरणीने चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि डोळे चोळले. “अहो, माशांचे वाटे चुकले तर एखाद्या घरी कालवण कमी होतं. हे औषध आहे. अजून ते कुणाला कसं मानवतं तेच आम्ही तपासतोय. काही झालं असतं तर? आणि आता तुम्हाला दोघींनाही चाचणीतून बाहेर काढावं लागणार. तुमचे निकाल कशातच धरता येणार नाहीत. तुमच्यापुरती यादी उघडून बघावी लागली, आणि ज्या बाईच्या रक्तात औषधाचा थेंब असायला नको, तिच्या रक्तात ते सापडलंय.”

गिरिजाने जावेकडे वळून पाहिलं. गोळी जाणार याचं दुःख होतंच, पण त्याआधी एक जुना हिशेब मिटत होता. “बग. माझ्यातलं दिलं ते तुझ्यात पकडलं. म्हन आता, रस्त्याकडची तुमाला.”

“त्यांच्या नाही, मावशी,” डॉक्टरीण म्हणाली. “तुमच्या. पहिल्या तपासणीत तुमच्या रक्तात काहीच नव्हतं. आता आहे. तुमच्या बाटलीत साध्या गोळ्या होत्या.”

उर्मिलाच्या छातीतली शीळ तेवढी ऐकू येत होती.

“खडू?” गिरिजा म्हणाली.

“खडू म्हणा.”

“मग माझा गळा कशानं सुटला?”

“पंप रोज घेत होतात?”

“सकाळ-संध्याकाळ. तुझा नेम होता ना.”

“त्याने सुटला. इतकी वर्षं जीव घाबरा झाला की घेत होतात, तोही चुकीच्या रीतीने. आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही तो नीट घेतलात.” मग ती उर्मिलाकडे वळली. “आणि तुम्ही?”

उर्मिलाने पदर तोंडाला लावला. “मी सोडला होता.”

“का?”

“नवीन गोळी आली ना... आनि घोडबंदरची मानसं येत-जात होती चांदणीसाठी. घरात पंप दिसला असता.”

“त्या गोळीचा उपयोग होतो की नाही, तेच तर आम्हाला बघायचं होतं. आणि ती फार तर नव्या शिपायांना चिकटू देणार नाही. आत घुसून बसलेत त्यांचं काय? तुमच्या पंपातलं औषध ती सूज उतरवतं, म्हणून सोडू नका म्हटलं होतं. निळा अडीनडीला, दुसरा रोज. त्यात नवीन काही नाही, म्हणून कुणाला त्याची किंमत नाही.”

रिक्षा परतीला लागली. गिरिजाला कबुतर आठवलं. बबनने निदान रक्त तरी प्यायलं होतं. आपण पिठाच्या गोळीवर तीन गावांत बढाई मारली आणि वर जावेच्या पोटातली खरी गोळी उपकार म्हणून अर्धी काढून घेतली. तिला हसू फुटलं. या वेळी ते तिच्याकडेच वळलं होतं, आणि इतरांना ते कसं लागत असेल ते तिला थोडंफार कळलं.

“हसतेस काय?” उर्मिला म्हणाली.

“तुझा खाल्ला मी, उर्मिले. अख्ख्या जन्मात एकदा खरंच तुझा वाटा खाल्ला, आनि तवा तू गप बसलीस.”

उर्मिलाही हसली असती, पण तिला खोकला आला. खोकला थांबल्यावर ती गिरिजाचा हात धरून म्हणाली, “जाऊबाय, एक ऐक. लग्न होईपर्यंत पंप भाईर काढू नको. चांदणीच्या सासूच्या, विमलाबायच्या नजरेला पडला तर म्हनंल, घरान्यातच दमा हाय. पोरीचं नाव खराब होईल.”

“आनि गाताना धरलं तर?”

बंटीचा पेनड्राइव्ह दोघींनाही आठवला.

हळदीच्या दिवशी सकाळी मांडव भरला. उंबराची फांदी बांधलेली, केबिन रोडच्या बाजारातून आणलेल्या पिवळ्या साड्यांत बायका दाटीने बसलेल्या. घोडबंदरहून नवऱ्यामुलाची, दिपेशची, उष्टी हळद घेऊन त्याची आई विमलाबाई आपल्या बायकांसकट आली होती. सोन्याने मढलेली, पाठ सरळ, नजर घरातल्या प्रत्येक वस्तूवरून फिरणारी. कोपऱ्यात बंटी आपल्या पेट्यांमागे उभा होता.

गिरिजाने पहिला धवला उचलला. सूर सुटला तो मांडवाच्या कनातीला धडकून बाहेर गेला. मागच्या बायकांनी तो झेलला. पाटावर बसलेल्या चांदणीने डोळे मिटले. दुसरा धवलाही गेला. मग कुणीतरी धूप घातला, आणि हळद कालवताना भुकटी उडाली. तिसऱ्या धवल्याच्या पहिल्याच ओळीत गिरिजाच्या छातीत मांजर उठलं.

तिने ओळ पुरी केली, कशीबशी. मागच्या बायकांनी उचलली, पण बिचकत. गिरिजाला ठाऊक होतं, पुढची ओळ यायची नाही. समोरून उर्मिला तिच्याकडे बघत होती आणि किंचित मान हलवत होती. नको. कोपऱ्यात बंटीचा हात बटणाकडे गेला. एखाददुसऱ्या पाहुणीने टाळ्यांसाठी हात उचलले.

त्या उचललेल्या हातांनी निकाल लावला. गिरिजाने कमरेला खोचलेला पदर सोडला, निळा पंप काढला, सगळ्या मांडवासमोर खळखळ हलवला, तोंडात धरून नर्सने शिकवल्याप्रमाणे ओढला आणि श्वास रोखून बसली. श्वास रोखलेल्या डोळ्यांनी ती साऱ्या बायकांकडे बघत होती. साड्यांच्या घडीवाल्या, देव्हाऱ्यामागच्या, प्रत्येकीकडे. एकेक जण मान खाली घालत होती. मग तिने पुन्हा एकदा ओढला.

“हात काढ रं त्या बटनावरचा,” ती बंटीला म्हणाली, आणि तिसरा धवला पहिल्यापासून उचलला. सूर आधी घोगरा आला, मग साफ झाला, मग रस्त्यावर गेला.

धवला संपेपर्यंत विमलाबाई हलली नाही. नंतर ती उर्मिलाच्या कानाशी वाकली. उर्मिलाचं तोंड हळदीपेक्षा पिवळं झालं होतं.

“आमच्याकडची धवलारीण कफानं कधीची घरात बसलीय,” विमलाबाई म्हणाली. “कफच हो. तिला हे कोनी दिलं न्हाय वाटतं?”

“हा... हा डॉक्टरीण बाय देते. मीरा रोडला.”

“लिहून दे मना. तिच्यासाठी,” विमलाबाई म्हणाली, आणि आपली पर्स जरा घट्ट पोटाशी धरली. गिरिजाने ते पाहिलं. तिने ओठ आवळून हसू गिळलं, कारण चौथा धवला उचलायचा होता.

भीती सरताच उर्मिलाचा अडवून धरलेला श्वास एकदम बाहेर पडला आणि मागोमाग शीळ वाजू लागली. ती गिरिजापाशी सरकली आणि हात पुढे केला. “जाऊबाय, मना दे जरा.”

“चल हट,” गिरिजा म्हणाली. “तांदळाच्या डब्यात हाय तुझा. जा, आन. ह्याचे वाटे न्हाय होत.”